नियमातला शब्द आणि शॉपमधला शब्द : किरणोत्सर्ग सुरक्षेच्या परिभाषेची तपासणी

आज आपण एका शब्दसूचीची समीक्षा करणार आहोत. समीक्षा म्हटलं की कादंबरी, नाटक, कविता डोळ्यांपुढे येते. सरकारी व्याख्यांची कसली समीक्षा, असं कुणी म्हणेल. आमचं म्हणणं असं, की ज्या लेखनामुळे कुणाचा हात किंवा पाय वाचू शकतो, ते लेखन कादंबरीइतक्याच बारकाईने वाचायला हवं.

आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना 15 नोव्हेंबर 1983 रोजी झाली. किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे जुने नियम 1971 चे होते. त्यांच्या जागी 1962 च्या अणुऊर्जा कायद्याखाली 2004 साली नवे नियम आले, आणि 2005 मध्ये मंडळाने पारिभाषिक शब्दांची एक स्वतंत्र सूचीही काढली. हे सगळं इंग्रजीत आहे आणि तिथे ते नेटकं आहे. प्रश्न पुढचा आहे. मुंबईतल्या अणुशक्तीनगरमधून निघालेला शब्द चाकणच्या शॉपमध्ये पोचतो तेव्हा त्याचं काय होतं?

हाच पट्टा का घेतला, तेही सांगतो. भोसरी, आकुर्डी, तळवडे, म्हाळुंगे, चाकण. इथे कास्टिंग होतं, फोर्जिंग होतं, टाक्या आणि पाइप वेल्ड होतात. ओतलेल्या धातूच्या पोटात पोकळी राहिली का, वेल्डमध्ये भेग आहे का, हे वरून दिसत नाही. ते बघायला एक्स-रे किंवा गॅमा किरण लागतात. शॉपमध्ये त्याला ‘आर. टी.’ म्हणतात, म्हणजे रेडिओग्राफिक टेस्टिंग. गॅमासाठी बहुतेक वेळा इरिडियम-192 वापरतात. त्याची ताकद साधारण 74 दिवसांनी निम्मी होते. जाड कास्टिंगला कोबाल्ट-60 लागतं. शिवाय शीटची जाडी किंवा टाकीतली पातळी मोजणाऱ्या गेजमध्येही किरणोत्सारी स्रोत असू शकतो. म्हणजे हा विषय फक्त तारापूर-जैतापूरचा नाही, आपल्या एमआयडीसीतलाही आहे.

आमची कसोटी साधी आहे. प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचारायचे. हा शब्द ऐकून काय करायचं ते कळतं का? आणि ते कुणी करायचं ते कळतं का? दोन्हींची उत्तरं मिळाली तर शब्द पास.

पहिला शब्द मुळातलाच : किरणोत्सर्ग. मराठीत खरं तर इथे दोन वेगळे शब्द आहेत. पदार्थातून आपोआप किरण बाहेर पडतात तो किरणोत्सर्ग, आणि जे किरण प्रवास करतात ते प्रारण. मराठी विश्वकोशात हा फरक पाळलेला दिसतो. हिंदी पाट्यांवर ‘विकिरण’ असतं. वर्तमानपत्रांनी मात्र सगळ्यालाच किरणोत्सर्ग म्हणायचं ठरवलं, आणि आता बोलण्यातही तेच रुळलंय. आम्हीही आज शीर्षकात तेच वापरलं, कारण ‘प्रारण सुरक्षा’ म्हटलं असतं तर हे व्याख्यान कुणी उघडलं नसतं.

पण या एका शब्दात दोन वेगळे धोके कोंबले गेलेत. एक म्हणजे किरण अंगावर पडणं. दुसरा म्हणजे किरणोत्सारी पदार्थच अंगाला, कपड्याला, जमिनीला लागणं. पहिला उन्हासारखा आहे, दुसरा हळदीसारखा. उन्हातून सावलीत आलात की ऊन लागायचं थांबतं, आणि तुम्ही घरी जाताना ऊन सोबत नेत नाही. हळदीचा हात मात्र जिथे लावाल तिथे डाग उमटवतो. उन्हासाठी उपाय दूर जाणं, हळदीसाठी उपाय हात न लावणं आणि धुणं.

हा भेद नाही कळला, की भीती चुकीच्या जागी बसते. आर. टी. झालेलं कास्टिंग उचलायला माणूस घाबरतो. वास्तविक इरिडियम-कोबाल्टच्या गॅमा किरणांनी कास्टिंग किरणोत्सारी होत नाही. टॉर्चचा उजेड पडला म्हणून भिंत काही टॉर्च होत नाही. आणि तोच माणूस कोपऱ्यात पडलेली करंगळीच्या नखाएवढी चकचकीत कुपी निर्धास्त उचलेल, कारण ती साधी धातूची दिसते. भीती आहे, पण ती कामाची नाही. इथे आम्ही शब्दाला नापास करतो.

दुसरा शब्द : सीलबंद स्रोत. नियमांत याचा अर्थ स्पष्ट आहे. किरणोत्सारी पदार्थ कुपीत असा बंद केलेला, की तो गळणार किंवा सांडणार नाही. म्हणजे सील हळदीला अडवतं, उन्हाला अडवत नाही. पण आपल्याकडे ‘सीलबंद’ म्हणजे काय? पाण्याची बाटली सीलबंद, औषध सीलबंद, मीटर सीलबंद. सीलबंद म्हणजे खात्रीचं, बिनधोक. अगदी उलटा अर्थ माणसाच्या मनात आधीच बसलेला आहे. व्याख्या शास्त्रीयदृष्ट्या अचूक, आणि ऐकणाऱ्यासाठी दिशाभूल करणारी.

याला लागूनच शॉपमधले तीन शब्द घेऊ. ज्या उपकरणात गॅमा स्रोत ठेवतात त्याला या धंद्यात ‘कॅमेरा’ म्हणतात. झाडलोट करणाऱ्या ताईंना कॅमेरा म्हणजे भिंतीवरचा सीसीटीव्ही. ‘कॅमेरा चालू आहे, तिकडे जाऊ नका’ असं म्हटलं तर त्या फार तर पदर सावरतील. दुसरा शब्द ‘एक्सपोजर’. रेडिओग्राफरसाठी एक्सपोजर म्हणजे काम. आज किती एक्सपोजर झाली, त्यावर दिवस मोजायचा. नियमांत एक्सपोजर म्हणजे माणसाला झालेला किरणांचा संपर्क. एकच शब्द फिल्मसाठीही आणि शरीरासाठीही. एकीकडे तो जास्त हवा, दुसरीकडे कमी.

तिसरा शब्द सगळ्यात धोक्याचा : ‘बंद’. एक्स-रे मशीनचं बटण बंद केलं की किरण थांबतात. गॅमा स्रोताला बटण नसतं. तो रात्रंदिवस किरण सोडतच असतो. आपण फक्त त्याला जड धातूच्या कवचात परत ओढून घेतो. ओढताना तो मध्येच नळीत अडकला, तर हँडल पूर्ण फिरवल्यासारखं वाटू शकतं आणि स्रोत बाहेरच असतो. म्हणून प्रत्येक एक्सपोजरनंतर सर्व्हे मीटर घेऊन खात्री करायची असते. ‘कॅमेरा बंद केला’ या वाक्यात ती खात्री नाही. ‘सोर्स आत आला, मीटरवर बघितलं’ या वाक्यात आहे. आमच्या मते या एका वाक्यबदलाचं मोल मोठं आहे.

आता आकड्यांकडे येऊ. डोस, आणि डोसची मर्यादा. आपल्या देशात किरणांशी संबंधित काम करणाऱ्या कामगारासाठी मर्यादा अशी : पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. आंतरराष्ट्रीय शिफारस एका वर्षात 50 पर्यंत जाऊ देते. आपली त्याहून कडक आहे, हे नोंदवायला हवं. सामान्य जनतेसाठी मर्यादा वर्षाला 1. तुलनेसाठी सांगायचं तर जमीन, हवा, आकाश यांतून निसर्गतः मिळणारा डोस जगात सरासरी 2.4 च्या आसपास आहे. जनतेची 1 ची मर्यादा या नैसर्गिक डोसवरची आहे, आणि त्यात रुग्ण म्हणून काढलेले एक्स-रे धरत नाहीत.

शब्दाचं काय? मराठीत डोस म्हणजे पोलिओचा डोस, खोकल्याच्या औषधाचा डोस. शुद्ध मराठी करायला गेलं तर ‘मात्रा’. तेही औषधच. मात्रा लागू पडली म्हणजे गुण आला! म्हणजे ‘वार्षिक मात्रा 20’ हे वाक्य मराठी कानाला वैद्याच्या चिठ्ठीसारखं ऐकू येतं. जणू एवढं घ्यायचंच आहे.

त्यात ‘मर्यादा’ची भर. मर्यादा म्हटलं की तिच्या अलीकडे सगळं ठीक, असा आपला समज. पुणे-नाशिक रस्त्यावर वेगमर्यादेची पाटी बघून आपण नेमकं तेच करतो. पण इथल्या तत्त्वात मर्यादा हा शेवटचा कठडा आहे. त्याआधी दोन प्रश्न येतात. हे किरण वापरायची गरज आहे का? आणि वापरायचेच तर डोस वाजवी रीतीने जितका कमी ठेवता येईल तितका ठेवला का? इंग्रजीत यासाठी ‘अलारा’ हे आद्याक्षरी नाव आहे आणि प्रशिक्षणात ते पाठ करून घेतात.

आमची टीका ‘वाजवी’ या शब्दावर आहे. वाजवी कुणाच्या हिशोबाने? व्याख्येत आर्थिक आणि सामाजिक बाबी विचारात घ्यायला मुभा आहे, आणि ती असायलाही हवी. नाहीतर कुठलंच काम होणार नाही. पण रात्री दोन वाजता डिस्पॅचची घाई असताना वाजवी काय ते कोण ठरवतं? शब्द त्यावर गप्प आहे. काय करायचं ते सांगतो, कुणी ते सांगत नाही. अर्धा पास.

यापुढचा शब्द आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : कामगार. इथे आधी कौतुक करू. मंडळाच्या सूचीत अशा कामगाराची व्याख्या करताना पूर्णवेळ-अर्धवेळ दोन्ही धरलेत, आणि माणूस थेट नोकरीत असो की कंत्राटदारामार्फत आलेला, तो कामगारच, असं म्हटलंय. आपल्या पट्ट्यात कंत्राटी माणसं किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. कागदावर तरी त्यांना कुणी बाहेर ठेवलेलं नाही. चांगली व्याख्या आहे.

अडचण शेजारच्या माणसाची आहे. रेडिओग्राफरला प्रशिक्षण असतं, छातीवर टीएलडी बॅज असतो, बॅज ठरावीक काळाने मोजणीला जातो, नोंद राहते. म्हणून त्याची मर्यादा 20. ज्याला यातलं काहीच नाही तो ‘जनता’, आणि म्हणून त्याची मर्यादा वीस पट कडक. तत्त्व न्याय्य आहे. आता दोरीपलीकडे दुसऱ्या जॉबवर असलेला फिटर, क्रेनवाला, चहा घेऊन येणारा पोरगा, यांना स्वतःला ‘जनता’ म्हणायची सवय आहे का? ते कंपनीच्या गेटमधून पंच करून आत आलेत. स्वतःला कामगार समजतात. त्यांना वाटतं, कामगाराला चालतं ते आपल्यालाही चालेल. आणि त्यांच्या छातीवर बॅज नाही म्हणून नोंदवहीत त्यांचा डोस कोरा. कोरा म्हणजे शून्य असा अर्थ सहज लावला जातो. कोरा म्हणजे माहीत नाही.

हे काल्पनिक वाटू नये म्हणून दोन घटना सांगतो. फेब्रुवारी 1999, पेरू देशातलं यानांगो. जलविद्युत केंद्राच्या कामावर इरिडियमचा स्रोत उपकरणातून निसटून पडला होता. तो उचलून पँटच्या मागच्या खिशात ठेवला एका वेल्डरने. रेडिओग्राफरने नव्हे, वेल्डरने. त्याचा पाय कापावा लागला.

दुसरी घटना आपल्या जवळची. ऑक्टोबर 2008 मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडलं. बटणांचं स्टील भारतातून गेलेलं, आणि माग महाराष्ट्रातल्या एका ओतशाळेपर्यंत आला. भंगारातून कोबाल्ट वितळून धातूत मिसळलं होतं. बटणं हाताळणाऱ्या तिथल्या सुमारे 20 कामगारांना 1 ते 3 मिलिसिव्हर्ट डोस मिळाला, असा फ्रान्सच्या नियामकांचा अंदाज होता. 20 च्या मर्यादेशी ताडलं तर किरकोळ. पण ते बटणं जोडणारे कामगार होते. किरणांचं काम करतोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्यासाठी मोजपट्टी 1 ची होती. कोणता शब्द लावता यावर त्याच आकड्याचा निकाल बदलतो.

पुढे ‘अधिकारी’. नियमांत रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर असतो, आर. एस. ओ. मालक त्याला नेमतो आणि सक्षम प्राधिकाऱ्याची त्याला मान्यता लागते. मराठीत त्याला ‘सुरक्षा अधिकारी’ म्हटलं की घोटाळा झालाच. गेटवर उभा असतो तो सुरक्षावाला. 1948 च्या कारखाना कायद्यात हजार किंवा जास्त कामगार असतील तिथे नेमायचा असायचा तोही सुरक्षा अधिकारी. आणि हा तिसरा. हिंदीत अणुऊर्जा खात्याने ‘संरक्षा’ आणि ‘सुरक्षा’ वेगळे केले. मराठीत सेफ्टी आणि सिक्युरिटी दोन्ही ‘सुरक्षा’तच राहतात. अपघात झाला तर हेल्पर धावत जाणार कुणाकडे? बहुधा गेटवर. शिवाय ‘अधिकारी’ म्हटलं की जबाबदारी त्याचीच वाटते. नियमांत हा अधिकारी सल्ला देतो, देखरेख करतो, गडबड कळवतो. मूळ जबाबदारी मालकाची आणि परवानाधारकाची आहे. मालकाला सोयीचा असा हा शब्द आहे.

शेवटची जोडी : ‘नोंदणी’ आणि ‘बेवारस’. 2004 च्या नियमांत मंजुरीच्या पायऱ्या आहेत. जास्त धोक्याच्या वापराला परवाना, मधल्याला प्राधिकृती, त्याखाली नोंदणी. सीटी स्कॅनला परवाना. साध्या निदानाच्या एक्स-रेला आणि न्यूक्लिऑनिक गेजला नोंदणी. पायऱ्या योग्य आहेत. पण ‘नोंदणी’ म्हणजे आपल्याकडे नाव टाकून मोकळं होणं. महालेखापरीक्षकांच्या 2012 च्या अहवालात आकडा आला, तो असा : देशातल्या 57,443 वैद्यकीय एक्स-रे युनिटपैकी 52,173, म्हणजे 91 टक्के, मंडळाच्या नोंदणीविना चालू होती. शब्द पुस्तकात होता, एक्स-रे खोलीत नव्हता.

आणि नोंद सुटली की पुढे काय होतं? स्रोत बेवारस होतो. इंग्रजीत त्याला अनाथ म्हणतात. एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात हेच झालं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं, पंचवीस वर्षं वापरात नसलेलं कोबाल्टचं उपकरण लिलावात भंगार म्हणून गेलं. ते फोडलं गेलं. एक माणूस मेला, बाकीचे भाजले. आमच्या पट्ट्यात भंगार म्हटलं की कुदळवाडी-चिखलीचं नाव आठवतं. तिथल्या माणसाच्या हाती वस्तू येते तेव्हा ‘सीलबंद स्रोत’ हे नाव गळून पडलेलं असतं; उरतं ते वजन आणि भाव.

‘अनाथ’ शब्दावर आमचा आक्षेप आहे. अनाथाचे आईबाप गेलेले असतात, दोष कुणाचा नसतो. इथे मात्र स्रोताला मालक असतो. खरेदीची पावती असते, मंजुरी असते. कुणीतरी त्याला विसरलं किंवा टाकलं. काही मोजके स्रोत मुळातच कधी नियंत्रणाखाली नव्हते, हे मान्य. पण मायापुरीतलं उपकरण त्यातलं नव्हतं. त्याला ‘टाकलेला स्रोत’ म्हणावं. मग ‘कुणी टाकला?’ हा प्रश्न आपोआप येतो.

आता आमच्या विरुद्ध बाजू. कुणी म्हणेल, कायद्याची भाषा अचूक हवी, ती हळद-उन्हात आणली तर कोर्टात टिकणार नाही. खरं आहे. इंग्रजी व्याख्या अनेक देशांनी घासून-पुसून ठरवल्यात, त्या तशाच राहोत. आम्ही व्याख्या बदला असं म्हणत नाही. व्याख्या आणि माणूस यांच्यात एक पायरी कमी आहे, ती बांधा, असं म्हणतो. कारखाना कायद्याने सूचनाफलक इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावायला सांगितलं होतं. चाकणमध्ये ती भाषा कधी मराठी असेल, कधी हिंदी. तत्त्व तेच. आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेलाही हे उमगलं होतं. तीन पात्यांचं जुनं चिन्ह बघून अनेकांना काही कळत नाही, म्हणून 2007 मध्ये तिने अकरा देशांत लोकांना दाखवून तपासलेलं नवं चिन्ह आणलं : लाल त्रिकोण, कवटी आणि पळणारा माणूस. शास्त्रज्ञांनी चिन्ह लोकांसमोर ठेवून विचारलं, ‘तुम्हाला काय समजलं?’ शब्दांच्या बाबतीत हा प्रश्न आपण मराठीत कधी विचारणार?

मराठीकडे साधनं आहेत. शिल्डिंगला ‘आडोसा’ इतका चांगला शब्द पडून आहे. वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा : सगळं शास्त्र या तीन शब्दांत मावतं. अंतर दुप्पट केलं की किरणांचा मारा चौथ्या हिश्श्यावर येतो, हे कुठल्याही फिटरला समजतं. पाटीवर ‘किरणोत्सर्गी क्षेत्र’ एवढंच लिहिण्याऐवजी ‘आत गॅमा सोर्स आहे. दोरी ओलांडू नका. पडलेली वस्तू उचलू नका. आर. एस. ओ.चं नाव आणि नंबर हा’ असं लिहिता येतं. पहिली पाटी जागेचं वर्णन करते. दुसरी पाटी माणसाशी बोलते, आणि काय करायचं व कुणी करायचं, या आमच्या दोन्ही प्रश्नांना उत्तर देते.

तेव्हा तुमच्यापैकी जे या पट्ट्यात कामाला आहेत त्यांना एक विनंती. उद्या शॉपमध्ये तशी पाटी दिसली, तर शेजारच्या हेल्परला तिचा अर्थ विचारा. तो जे सांगेल तीच तिथली खरी व्याख्या. पुस्तकातल्या व्याख्येपासून ती जितकी लांब, तितकं काम बाकी आहे.

आता प्रश्न घेऊ.